‘साहेब मालकाचाच माणूस आहे’ असे वाटले तर: भरपाईच्या दाव्यात तटस्थतेचा आक्षेप कसा घ्यायचा

सोलापुरात अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत मशीनमध्ये हात सापडतो, भरपाईचा दावा दाखल होतो, तीन-चार तारखा पडतात आणि घरात निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल एक वाक्य सुरू होते: ‘साहेब मालकाचाच माणूस आहे.’ कधी त्यात तथ्य असते, बहुतेक वेळा नसते. पण तथ्य असो वा नसो, पुढची पावले मात्र हमखास चुकतात. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर फिरवतो, कोणी निनावी अर्ज टाकतो, कोणी तारखेला जाणेच सोडतो. लेखी आक्षेप निघतो तो निकाल विरोधात गेल्यावर, अपिलात. तेव्हा तो ऐकला जाण्याची शक्यता फार कमी उरते.

खालची कलमे कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ मधली आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली. त्यानंतरच्या अपघाताचा दावा असेल तर संहितेच्या सातव्या प्रकरणातले जुळणारे कलम वकिलाकडून घालून घ्या. तिथे ‘आयुक्त’ऐवजी ‘सक्षम प्राधिकारी’ असा शब्द आहे. अपघात त्या तारखेआधीचा असेल तर हक्क जुन्या कायद्याखालीच उभा राहिलेला असतो. तटस्थतेचे नियम दोन्हीकडे सारखेच, कारण ते नैसर्गिक न्यायाच्या (दोन्ही बाजू ऐकणे, आणि निर्णय देणाऱ्याचा त्या वादात हितसंबंध नसणे) तत्त्वांतून येतात.

टप्पा १: निर्णय नेमका कोण देणार, हे आधी पक्के करा

इथेच पहिला घोळ होतो. नावात ‘आयुक्त’ आहे म्हणून लोक सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज देतात, तिथे महिनोन्‌महिने खेटे घालतात आणि ‘दाद लागत नाही, सगळे मिळालेले आहेत’ म्हणतात. भरपाईचा वाद ठरवणारा आयुक्त वेगळा. कलम २० खाली राज्य सरकार त्याची नेमणूक करते. किमान पाच वर्षे न्यायिक सेवेतली व्यक्ती, पाच वर्षे वकिली केलेली व्यक्ती किंवा मनुष्यबळ आणि औद्योगिक संबंधांचा अनुभव असलेला पाच वर्षांचा राजपत्रित अधिकारी, अशांतून ती करता येते. महाराष्ट्रात हे काम साधारणपणे कामगार न्यायालयाच्या किंवा दिवाणी न्यायालयाच्या न्यायाधीशांकडे असते.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) कार्ड आहे का? तुम्ही विमाधारक कर्मचारी असाल तर त्याच इजेसाठी या कायद्याखाली दावा करता येत नाही. तिथे अपंगत्व वैद्यकीय मंडळ ठरवते आणि त्याविरुद्ध वैद्यकीय अपील न्यायाधिकरण किंवा कर्मचारी विमा न्यायालयाकडे जावे लागते. दार वेगळे, म्हणून आक्षेप कोणाकडे घ्यायचा तेही वेगळे.

जागेची निवडही याच टप्प्यावर. कलम २१ प्रमाणे अपघात जिथे झाला तिथे, कामगार किंवा त्याचे अवलंबित जिथे नेहमी राहतात तिथे, किंवा मालकाचे नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथे दावा चालू शकतो. मुलगा चिंचोळीत कामाला होता आणि आईवडील लातूर जिल्ह्यातल्या गावी राहतात, तर मृत्यूचा दावा तिकडेही दाखल करता येतो. ही निवड कायदेशीर आहे. एकच दावा दोन ठिकाणी टाकणे मात्र नाही.

*तपासा:* अपघातापासून (मृत्यू असेल तर मृत्यूपासून) दोन वर्षांच्या आत दावा दाखल होतोय ना? साहेब बदलण्याची वाट पाहत मुदत घालवलेली माणसे सोलापुरात कमी नाहीत.

एक आडवाट इथेच बंद करून टाकू. मुकादम, ठेकेदार, युनियनचा पुढारी किंवा नगरसेवक ‘मध्ये बसून’ तडजोड करतो, तो निर्णय देणारा नव्हे. त्याने तटस्थ असावे अशी अपेक्षाच चूक. कायद्यातला हक्क सोडून देणारा करार कलम १७ ने रद्दबातल ठरतो. तडजोडीच्या कराराची नोंद कलम २८ खाली आयुक्तांकडे व्हावी लागते, आणि रक्कम अपुरी असेल किंवा दबावाने, फसवून सही घेतली असेल तर ते नोंद नाकारू शकतात. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने विधवेच्या हातात थेट दिलेले पैसे, ठरावीक आगाऊ रक्कम सोडली तर, भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. ती रक्कम आयुक्तांकडेच जमा करावी लागते.

टप्पा २: पहिल्या दोन तारखांतच हितसंबंध पाहून घ्या

आक्षेप घ्यायचा तर माहिती लवकर हवी. अर्ज दाखल झाला, समोरच्याला नोटीस गेली, त्याचा वकील वकीलपत्र घेऊन उभा राहिला, की खालच्या गोष्टी आपल्या वकिलाबरोबर अर्धा तास बसून बघा.

समोर नक्की कोण आहे? मालक एकटा, की ठेकेदार आणि विमा कंपनीही? यंत्रमाग कारखान्यात पाटी एका नावाची, लाइट बिल दुसऱ्याच्या नावावर आणि पगार देणारा तिसरा, हा प्रकार नेहमीचा. सगळी नावे हाताशी असल्याशिवाय कोणाचा कोणाशी संबंध आहे हे कळणार कसे?

निर्णय देणाऱ्याने पूर्वी वकिली केली असेल तर याच मालकाचे किंवा विमा कंपनीचे काम केले होते का? जुन्या निकालांवर वकिलांची नावे असतात, तिथे सापडते. जवळचे नाते आहे का? आर्थिक संबंध आहे का? आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर आणि त्यांतले कित्येक सहकारी, त्यामुळे एक प्रश्न इथे हटकून विचारावा लागतो: अधिकारी स्वतः किंवा त्याचा जोडीदार त्या कारखान्याचा सभासद आहे का? शेअर एकच असला तरी तो पैशाचा संबंध आहे.

*इशारा:* ही माहिती कागदांतून काढायची असते. साहेबांच्या घराजवळ उभे राहणे, फोटो काढणे, शिपायाला चहा पाजून विचारणे असले उद्योग केले तर तुमचाच अर्ज संशयास्पद ठरतो.

टप्पा ३: शंका आणि आधार वेगळे करा

सगळ्यात जास्त अर्ज या टप्प्यावर चुकतात, म्हणून इथे थोडे थांबू.

न्यायालये दोन पायऱ्यांनी विचार करतात. पैशाचा हितसंबंध असेल तर तो किती मोठा हे पाहिले जात नाही. थोडाही असला तरी ती व्यक्ती त्या वादात निर्णय देऊ शकत नाही. नाते, मैत्री, वैर, पूर्वीचे काम असे इतर प्रकार असतील तर प्रश्न असतो: ही परिस्थिती माहीत असलेल्या समंजस माणसाला पक्षपात होईल अशी रास्त भीती वाटेल का? प्रत्यक्ष पक्षपात झाला हे सिद्ध करावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ च्या क्रैपक प्रकरणात निवड मंडळावर स्वतः एक उमेदवारच बसला होता म्हणून निवड रद्द केली. त्याने आपल्या नावाच्या वेळी चर्चेत भाग घेतला नव्हता, तरीही. १९८७ च्या रणजित ठाकूर प्रकरणात एका जवानाने ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार केली होती, तोच त्याच्या लष्करी खटल्यात निर्णय द्यायला बसला. ती कारवाई टिकली नाही.

‘रास्त भीती’ हे शब्द वाचून मात्र उत्साहात येऊ नका. ती भीती घटनेवर टेकलेली लागते.

आधार म्हणून चालतात अशा गोष्टी: आर्थिक संबंध, जवळचे नाते, याच वादात किंवा याच मालकासाठी पूर्वी केलेले काम, साक्ष संपण्याआधीच ‘हा अपघात बनावट आहे’ असे ठाम मत मांडणे, तुम्ही नसताना समोरच्या बाजूला ऐकून घेणे, तुम्हाला प्रत न देता त्यांचा कागद दाखल करून त्यावर अवलंबून राहणे.

आधार म्हणून चालत नाहीत: साहेबांचे आडनाव, जात किंवा मातृभाषा. मालकाच्या वकिलाशी हसून बोलणे. बार असोसिएशनच्या कार्यक्रमात दोघे एका फोटोत दिसणे. तुमच्या वकिलाला झापणे. कंपनीला तारीख वाढवून देणे. तुमचा एखादा अर्ज फेटाळणे. हे शेवटचे नीट समजून घ्या, कारण निम्मे आक्षेप यावरच उभे असतात. आदेश चुकीचा असू शकतो. त्याला वरच्या न्यायालयात आव्हान देता येते. पण चुकीचा आदेश म्हणजे पक्षपात नव्हे.

उशिराचेही तेच. कलम २५-अ म्हणते की तीन महिन्यांत निकाल लागावा. तसा क्वचितच लागतो. वैताग रास्त आहे, पण त्यासाठी दावा लवकर निकाली काढण्याचा अर्ज द्या. पक्षपाताचा नको.

आणि एक कटू गोष्ट. ‘साहेब फिरले’ म्हणून ओरड होते त्यांतले बरेच दावे पुराव्यावर हरलेले असतात. पीस-रेटवर काम, हजेरीपट नाही, पगार रोख, नोकरीचा एकही कागद नाही. मग मालक म्हणतो, ‘हा आमचा कामगारच नाही.’ अशा वेळी तागे मोजल्याची वही, फोन-पेच्या नोंदी, पीएफचा क्रमांक, शेजारच्या मागावरच्या दोघांची साक्ष हे गोळा करण्यात जो वेळ जायला हवा, तो साहेबांची कुंडली काढण्यात जातो.

*तपासा:* एका कागदावर तुमची शंका एका वाक्यात लिहा. त्यात तारीख, ठिकाण आणि घटना आहे का? ‘वाटते’, ‘म्हणतात’, ‘सगळ्यांना माहीत आहे’ हे शब्द खोडल्यावर काही उरते का? उरत नसेल तर पुढचा टप्पा करा आणि तिथेच थांबा.

टप्पा ४: रोजनामा हातात ठेवा

तटस्थतेचा आक्षेप टिकतो तो नोंदीवर. आयुक्तांना कामकाजाची थोडक्यात नोंद (हाच रोजनामा) ठेवावी लागते, प्रत्येक साक्षीदाराच्या साक्षीचा सारांश लिहावा लागतो आणि तारीख पुढे ढकलली तर कारण नोंदवावे लागते. तुमचे काम एवढेच की जे घडले ते त्या नोंदीत येईल हे पाहणे.

प्रत्येक तारखेनंतर त्याच दिवशी स्वतःच्या वहीत लिहा: कोण हजर होते, कोणता कागद दाखल झाला, त्याला निशाणी क्रमांक (दप्तरातला नोंद क्रमांक) काय पडला, प्रत मिळाली का, पुढची तारीख कोणती. महिन्यातून एकदा रोजनाम्याची प्रमाणित नक्कल मागा. वही आणि रोजनामा जुळत नसेल तर लगेच, पुढच्याच तारखेला, पुरसीस (छोटे लेखी निवेदन) द्या: ‘दि. अमुक रोजी गैरअर्जदारांनी वैद्यकीय दाखला दाखल केला, त्याची प्रत अर्जदारास मिळालेली नाही. प्रत मिळावी व म्हणणे मांडण्यास संधी मिळावी.’ एवढे दोन ओळींचे. त्यात आरोप नाही, राग नाही. पण सहा महिन्यांनी हाच कागद सगळ्यात जास्त बोलतो.

गंमत अशी की अशी पुरसीस दिल्यावर बहुतेक वेळा प्रत मिळते, संधी मिळते आणि पक्षपाताचा प्रश्नच मिटतो. घाईत राहून गेलेली गोष्ट आणि मुद्दाम केलेली गोष्ट यांतला फरकही यातूनच कळतो.

*इशारा:* परवानगीशिवाय न्यायकक्षात मोबाइलवर रेकॉर्डिंग करू नका. फोन जप्त होतो, आणि ती क्लिप तुमच्या उपयोगी पडण्याऐवजी तुमच्याविरुद्ध वापरली जाते.

टप्पा ५: डॉक्टर, दुभाषा आणि जागेची पाहणी

सगळ्यांचे लक्ष खुर्चीवर असते. पण भरपाईचा आकडा पुष्कळदा दुसऱ्याच कोणाच्या कागदावर ठरतो.

*डॉक्टर.* तुम्ही अपघाताची नोटीस दिल्यावर तीन दिवसांत मालकाने मोफत तपासणी देऊ केली तर ती करून घ्यावी लागते (कलम ११). ‘कंपनीचा डॉक्टर आहे, जाणार नाही’ म्हणून नकार दिला तर भरपाईचा हक्क तेवढ्या काळापुरता थांबतो. जा, तपासणी करून घ्या, अहवालाची प्रत मागा. आणि स्वतंत्रपणे सिव्हिलमधून अपंगत्वाचा दाखला घ्या. कायद्याच्या अनुसूचीत (ठरावीक इजांच्या यादीत) न बसणाऱ्या इजेत कमाईची क्षमता किती टक्के घटली हे पात्र डॉक्टरच्या मतावर ठरते, म्हणून दाखल्यावर फक्त अपंगत्वाचा टक्का पुरत नाही. हातमाग, यंत्रमाग किंवा शिलाई मशीनवरचे काम आता जमेल का, हे त्यात यायला हवे. कंपनीच्या डॉक्टरचा संबंध उलटतपासात काढा: वर्षाला किती कामगार तपासता, पैसे कोण देते, ही जखम तुम्ही स्वतः किती वेळ पाहिली. त्याला साक्षीलाच बोलावले नाही तर नुसत्या दाखल्यावर लेखी हरकत नोंदवा.

*तज्ज्ञ.* कलम २०(३) प्रमाणे आयुक्त विशेष ज्ञान असलेल्या व्यक्तीची मदत घेऊ शकतात. टप्पा २ मधले सगळे प्रश्न या व्यक्तीलाही लागू. मशीनची तपासणी करणारा अभियंता त्याच कारखान्याचा देखभालीचा ठेकेदार निघाला, तर हरकत त्याच दिवशी.

*दुभाषा.* सोलापुरात हे विसरून चालत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी कामगारांना तेलुगूच नीट बोलता येते, अक्कलकोटकडच्यांना कन्नड. साक्षीच्या वेळी ‘मी सांगतो साहेब, तो काय म्हणतोय ते’ म्हणत कारखान्याचा मुकादम पुढे आला तर थांबवा. दोन्ही बाजूंशी संबंध नसलेला दुभाषा मागा. मराठीत नोंदलेली साक्ष सही करण्याआधी साक्षीदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवायला सांगा. ‘बंद मशीन साफ करत होतो’ आणि ‘मशीन बंद न करता साफ करत होतो’ यांत दाव्याचा जीव असतो.

*जागेची पाहणी.* आयुक्त अपघाताची जागा बघायला जाऊ शकतात. जुन्या नियमांप्रमाणे अगदीच तातडी नसेल तर दोन्ही पक्षांना आधी सूचना द्यावी लागते, तुम्हाला सोबत जाता येते आणि पाहिलेल्या गोष्टींचे टिपण दप्तरात लागते. पाहणीच्या वेळी कोणाकडे सहज केलेली चौकशी निर्णयाचा पाया होऊ शकत नाही. म्हणून पाहणीला गैरहजर राहू नका. मालकाच्या ऑफिसात चहा झाला याची तक्रार करत बसण्यापेक्षा टिपणाची नक्कल काढा आणि मशीनवर नवी जाळी कधी बसवली ते त्यात आले आहे का बघा.

टप्पा ६: आक्षेप अर्ज

आता खरोखर आधार आहे असे धरू. पहिला नियम वेळेचा. माणकलाल विरुद्ध प्रेमचंद सिंघवी या १९५७ च्या निकालात, चौकशी करणाऱ्या न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांनी पूर्वी विरुद्ध पक्षाचे वकीलपत्र घेतले होते. सर्वोच्च न्यायालयाने हे योग्य नव्हते हे मान्य केले. तरीही आक्षेप फेटाळला, कारण माहिती असूनही तो वेळेवर घेतला नव्हता. मनात ठेवून बघू, निकाल बाजूने आला तर ठीक, नाही तर बोलू, हा डाव चालत नाही.

अर्ज पहिल्यांदा त्याच अधिकाऱ्यापुढे द्यायचा असतो. हे लोकांना विचित्र वाटते. पण स्वतःहून बाजूला होण्याची संधी आधी त्यांनाच द्यावी लागते, आणि संबंध खरा असेल तर पुष्कळ अधिकारी वाद न घालता बाजूला होतात.

अर्जात चारच गोष्टी हव्यात. दाव्याचा क्रमांक आणि टप्पा. घटना किंवा संबंध, तारखेसह, जोडलेल्या कागदासह. ही माहिती तुम्हाला कधी आणि कशी कळली (हा परिच्छेद गाळू नका, वेळेचा प्रश्न यावरच सुटतो). आणि मागणी. सोबत शपथपत्र. भाषेचा नमुना:

‘अर्जदार आदरपूर्वक नमूद करतो की, गैरअर्जदार क्र. २ यांच्या वतीने सन … मधील दावा क्र. … मध्ये सन्माननीय पीठासीन अधिकारी यांनी वकील म्हणून काम पाहिल्याचे सोबतच्या नकलेवरून दिसते. ही बाब अर्जदारास दि. … रोजी प्रथम समजली. सन्माननीय अधिकाऱ्यांच्या सचोटीबद्दल अर्जदाराचे काही म्हणणे नाही. तथापि न्याय होताना दिसावा यासाठी प्रस्तुत प्रकरण अन्य अधिकाऱ्यांकडे वर्ग व्हावे, ही विनंती.’

‘विकले गेले’, ‘साटेलोटे’ असले शब्द अर्जात नकोत. कोणी प्रत्यक्ष पैसे मागितले असतील तर तो वेगळाच विषय आहे. त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, टोल-फ्री क्रमांक १०६४. तो आरोप बदलीच्या अर्जात मोघम घुसडला तर दोन्ही कामे बिघडतात.

*तपासा:* अर्जाला निशाणी क्रमांक पडला का? समोरच्याला प्रत दिली का? रोजनाम्यात नोंद झाली का? अर्जावर लेखी आदेश झाला का? तोंडी ‘बघू’ हा आदेश नव्हे.

*इशारा:* अर्ज प्रलंबित आहे म्हणून तारीख चुकवू नका. साक्ष लागली असेल तर हजर राहा आणि ‘आक्षेप कायम ठेवून’ भाग घेत असल्याची पुरसीस द्या. गैरहजर राहिलात तर दावा अनुपस्थितीत निकाली निघतो आणि आक्षेप बाजूलाच पडतो.

टप्पा ७: अर्ज फेटाळला तर

दोन वाटा आहेत. कलम २१(५) प्रमाणे राज्य सरकार एका आयुक्ताकडचे प्रकरण दुसऱ्याकडे वर्ग करू शकते. दुसरी वाट उच्च न्यायालयाची, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ (खालच्या न्यायालयांवर देखरेखीचा अधिकार) खाली. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला, त्यामुळे आता मुंबईची वारी करावी लागत नाही. कोणती वाट आधी, हे अधिकारी कोण आहे आणि दावा कुठवर आला आहे यावर ठरते. साक्ष संपत आली असेल तर मंत्रालयाच्या टेबलाची वाट पाहण्यात अर्थ नसतो.

पीठासीन अधिकाऱ्याबद्दल उच्च न्यायालयाकडे सद्‌भावनेने केलेली तक्रार न्यायालयाचा अवमान ठरत नाही. अवमान कायदा, १९७१ च्या कलम ६ मध्ये तसे संरक्षण आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या मजकुराला ते नाही.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला आणि औद्योगिक कामगार मोफत मदतीला पात्र आहेत. नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीही आयुक्तांपुढे तुमच्या वतीने उभा राहू शकतो.

टप्पा ८: निकालानंतर

नक्कल त्याच आठवड्यात मागा. अपिलाची मुदत ६० दिवसांची आणि अपील उच्च न्यायालयात, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच (कलम ३०). ‘साक्ष नीट तोलली नाही’ एवढ्यावर ते टिकत नाही. नैसर्गिक न्याय डावलला हा कायद्याचा प्रश्न होऊ शकतो, पण तुमची निशाणी पडलेली पुरसीस आणि आक्षेप अर्ज दप्तरात असेल तर.

निकाल वाचताना प्रत्येक मुद्द्यावर निष्कर्ष आणि कारण दोन्ही दिले आहेत का बघा. तुमच्या डॉक्टरची साक्ष का नाकारली याबद्दल एक ओळही नसेल, तर तो मुद्दा पक्षपातापेक्षा जास्त वजनदार आहे. अपिलात तो आधी घ्या.

निकाल तुमच्या बाजूने लागला आणि मालकच पक्षपाताची ओरड करत अपिलात गेला, तर त्याला रक्कम आयुक्तांकडे जमा केल्याचे प्रमाणपत्र अपिलाला जोडावे लागते. ते नसेल तर पहिल्याच तारखेला दाखवून द्या.

आणि तुमच्या अपिलात प्रकरण फेरसुनावणीसाठी परत पाठवण्याची मागणी असेल, तर ती सुनावणी दुसऱ्या अधिकाऱ्यापुढे व्हावी, आधी नोंदलेली साक्ष कायम धरावी आणि मुदत ठरवून द्यावी, हे तिन्ही प्रार्थनेत स्पष्ट लिहा. लिहिले नाही तर प्रकरण फिरून त्याच टेबलावर येऊ शकते.